गाळातली शिल्लक

आम्हां बँकवाल्यांना शिल्लक वाया गेलेली खपत नाही. म्हणून मार्माइटचं कौतुक. १९०२ साली इंग्लंडात, बर्टन गावी, बिअर काढून उरलेल्या यीस्टपासून पावाला फासायचं हे काळं, खारट प्रकरण निघालं. पुढे असिमॉव्हसाहेबांनी १९५४ च्या ‘द केव्हज ऑफ स्टील’ या विज्ञान-कादंबरीत भविष्यातली खच्चून भरलेली पृथ्वी यीस्टवरच पोसली.

पण खरी विज्ञानकथा आधीच मुंबईत घडली होती! १९२८ पासून डॉक्टर ल्यूसी विल्स गिरणीतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय तपासत होत्या. त्यांनी मार्माइट दिलं. बाया बऱ्या झाल्या. त्यातल्या गुणकारी घटकाला ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव मिळालं १९४१ साली.

म्हणजे रक्कम आधी जमा, खातेदाराचं नाव मागाहून! आमच्या साहेबांनी असलं व्हाउचर कधीच पास केलं नसतं.