वर्गणी, बंदूक आणि सरकार

सात रस्त्यावर आज जमलेल्या मंडळींना पावतीपुस्तक म्हणजे काय, हे सांगायला नको. गणपती जवळ आले की ते दारात येतंच. आज आपण पाहणार आहोत ती वर्गणी मात्र फार लांब, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गोळा झाली.

लाकूडगिरण्यांत आणि शेतांत राबणारे पंजाबी मजूर 1913 मध्ये संघटित झाले. अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः गिरणीकामगार. मजुरांच्या पैशांवर सॅन फ्रान्सिस्कोतून 1 नोव्हेंबर 1913 ला 'गदर' हे पत्र निघालं. यात आपली मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळे 1914 च्या अखेरीस परतले, मार्च 1915 मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि 16 नोव्हेंबरला लाहोरात फासावर चढले.

या पैशाला जबाबदार कोण? इंग्रज सरकार अमेरिकेकडे तक्रारी करत राहिलं. मित्रदेशाविरुद्ध आपल्या भूमीवरून सशस्त्र मोहीम काढू द्यायची नाही, हा अमेरिकेचा कायदा जुनाच होता. पण पत्र काढणं, त्यासाठी वर्गणी देणं, ही काही मोहीम नव्हे. 'अ‍ॅनी लार्सन' जहाजावरची शस्त्रं जून 1915 मध्येच जप्त झाली होती. बरं का, ती शस्त्रं मजुरांच्या नव्हे, जर्मन सरकारच्या पैशांची. तरी मोठा खटला उभा राहिला तो अमेरिका 6 एप्रिल 1917 ला युद्धात उतरल्यावर. त्याच जुन्या कायद्याखाली 29 जण दोषी ठरले, जर्मन वाणिज्यदूत फ्रान्झ बॉपसुद्धा. आमच्या मते कायदा तोच राहिला, सरकारची गरज बदलली.

आणि इथे आपलीच अडचण होते. 23 जून 1985 ला 'कनिष्क' विमानात 329 माणसं गेली. कट कॅनडात शिजलेला. तरी बब्बर खालसाला कॅनडाने दहशतवादी यादीत घातलं ते 2003 मध्ये. सरकारने डोळेझाक केली, असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. छावणी वेगळी, प्रवासी विमान वेगळं, हेही खरं. पण 2001 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठराव 1373 ने खासगी देणग्या रोखण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली, आणि दहशतवाद कशाला म्हणायचं ते मात्र प्रत्येक सरकारवर सोडलं. 1915 मध्ये हे ठरवणारं सरकार इंग्रजांचं असतं, तर भकनांची पेटीही गोठवली गेली असती.