पुसलेले नाव

जपानच्या उत्तरेस साखालिन नावाचे एक लांबट, थंडीने गारठलेले बेट आहे. झारशाहीच्या अमलात तेथे सक्तमजुरीचे कैदी धाडले जात, आणि अशाच एका बंदिवान स्त्रीच्या पोटी वासिली ओशेप्कोव्ह यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला. रशिया-जपान युद्धानंतरच्या १९०५ च्या तहान्वये बेटाचा दक्षिण भाग जपानकडे गेला, त्यानंतर थोड्याच काळात तो तोक्योतील रशियन धर्मपीठाच्या पाठशाळेत पोहोचला, आणि तेथून १९११ साली जिगोरो कानो यांनी स्थापिलेल्या कोदोकान या ज्युदोच्या आद्यपीठात त्याचा प्रवेश झाला. दोनच वर्षांत त्याने काळ्या पट्ट्याची पहिली श्रेणी संपादिली; नुकत्याच पराभूत झालेल्या शत्रुराष्ट्राच्या या अनाथ पुत्राला ती देताना कोदोकानच्या गुरुजनांनी जे औदार्य दाखविले, ते मला त्या विद्येइतकेच थोर वाटते.

पुढे ओशेप्कोव्ह यांनी व्लादिवोस्तोक येथे तालीम चालविली, लाल सेनेच्या वतीने जपानात गुप्तपणे बातमीदारीही केली, आणि १९३० च्या सुमारास मॉस्कोत येऊन सैनिकांना व शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना ते शिकवू लागले. त्यांची खरी थोरवी या वस्तादकीत आहे. कोदोकानचे डाव जसेच्या तसे गिरवून घेण्यात त्यांना समाधान नव्हते. जॉर्जियाची चिदाओबा, तातारांचा कुरेश, अशा त्या अफाट मुलखातील नाना जातींच्या कुस्त्यांत जे जे उपयुक्त दिसले ते ते त्यांनी पारखून घेतले, आणि त्यातूनच पुढे सांबो या नावाने ओळखली जाणारी कुस्ती घडली. आज सांबोच्या क्रीडाप्रकारातील मल्ल जाड कापडाचे जाकीट, आखूड चड्डी आणि मऊ बूट घालून गादीवर उतरतो, प्रतिस्पर्ध्याच्या पायाला पेच घालून त्यास शरण आणण्याची त्याला मुभा असते, मात्र गळा आवळण्याची मनाई असते. ज्युदोपासून निघालेली ही वाट किती दूर गेली, ते एवढ्यावरून ध्यानात यावे. त्याच मॉस्कोत, दिनामो संस्थेत, माजी लष्करी अधिकारी व्हिक्टर स्पिरिदोनोव्ह निराळ्या मार्गाने निःशस्त्र स्वसंरक्षणाची विद्या घडवीत होते, आणि सांबो हे नावही 'शस्त्राविना आत्मरक्षण' या अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांतून सिद्ध झालेले आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात ओशेप्कोव्ह यांना अटक झाली. ज्या देशासाठी त्यांनी जपानात जीव धोक्यात घालून हेरगिरी केली, त्याच देशाने त्यांच्यावर जपानचे हेर असल्याचा आरोप ठेवला. बुतिर्का तुरुंगात अवघ्या दहा दिवसांत त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १९३८ रोजी, सरकारी क्रीडासमितीने या कुस्तीस अधिकृत मान्यता देणारे फर्मान काढले. ही कुस्ती सोव्हिएत जनतेच्या देशी परंपरांतून उपजली, असे त्यापुढे सांगितले जाऊ लागले. जपानी मूळ लोपले, वस्तादाचे नावही लोपले. त्यांचे शिष्य अनातोली खार्लाम्पिएव्ह यांनी विद्या पुढे नेली, वाढविली, तिच्यावर १९४९ साली ग्रंथ लिहिला, आणि जनकत्वाचा मान दीर्घकाळ त्यांच्याकडेच राहिला. भयाच्या त्या काळात गुरूचे नाव उच्चारणे कोणाला शक्य झाले असते, हा विचार मनात आल्यावर शिष्याला दोष देण्यास माझी लेखणी धजत नाही. तथापि अन्याय तो अन्यायच. १९५७ साली सरकारने ओशेप्कोव्ह यांना निर्दोष ठरविले.

१९६४ साली तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सांबोच्या तालमीत तयार झालेल्या सोव्हिएत मल्लांनी चार कांस्यपदके मिळविली. त्या चौघांतील दोघे, किक्नाद्झे आणि चिक्विलाद्झे, जॉर्जियाचे होते. आणि ज्या शहरात ते खेळले, त्याच शहरात अर्धशतकापूर्वी साखालिनचा तो पोरका मुलगा पहिला डाव शिकला होता.