स्टेरॉइड उपचार व कृत्रिम श्वसनावरील रुग्णांतील फुप्फुससंक्रामण

अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडाच्या माथ्यावर असलेल्या अंतःस्रावी ग्रंथीच्या) बाह्यकात तयार होणारी हॉर्मोने आणि त्यांच्या धर्तीवर बनविलेली संश्लेषित औषधे यांना वैद्यकीय व्यवहारात सामान्यतः स्टेरॉइडे असे म्हणतात. हायड्रोकॉर्टिसोन, मिथिलप्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही त्यांपैकी अतिदक्षता विभागात विशेष वापरली जाणारी औषधे होत. शोथ (दाहयुक्त सूज) कमी करणे हा त्यांचा प्रमुख गुण आहे. परंतु शोथ ही जंतूंविरुद्ध शरीराने उभारलेली संरक्षणाची पहिली फळीही असते. त्यामुळे ज्या गुणामुळे ही औषधे जीव वाचवू शकतात, त्याच गुणामुळे ती जंतुसंसर्गास वाटही मोकळी करू शकतात. श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत निकडीचा ठरतो, कारण त्याच्या फुप्फुसांचे नैसर्गिक संरक्षण श्वासनालात घातलेल्या नळीमुळे आधीच दुबळे झालेले असते. अशा रुग्णास स्टेरॉइडे द्यावीत की नाही, याविषयीचे वैद्यकाचे मत गेल्या सहा-सात दशकांत अनेकदा बदलले. त्या बदलांचा व त्यांमागील कारणांचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

पार्श्वभूमी : अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यास येणाऱ्या रोगाचे वर्णन इंग्रज वैद्य टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केले. या ग्रंथीच्या बाह्यकातील द्रव्ये वेगळी करण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत एडवर्ड केंडाल व स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी केले. सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिक या संस्थेत फिलिप हेंच यांनी संधिवाताभ संधिशोथाने जखडलेल्या एका रुग्णास कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच त्या रुग्णास चालता येऊ लागले. या तिघांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या यशाचा गाजावाजा चालू असतानाच औषधाची दुसरी बाजूही उघड होऊ लागली. सुप्त क्षयरोग उफाळून येणे, साध्या जंतुसंसर्गास गंभीर रूप येणे असे प्रकार नजरेस आले. स्टेरॉइडांमुळे श्वेतकोशिका रक्तवाहिन्यांतून संसर्गाच्या जागी पोहोचण्यास अडथळा होतो, लसीका कोशिकांची संख्या व कार्य घटते आणि महाभक्षी कोशिकांची जंतू नष्ट करण्याची शक्ती मंदावते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. याशिवाय रक्तातील साखर वाढते व तीही जंतूंना अनुकूल ठरते.

कृत्रिम श्वसन व न्यूमोनिया : डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे १९५२ मध्ये बालपक्षाघाताची मोठी साथ आली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी पेटीवजा श्वसनयंत्रे अपुरी पडली. तेव्हा भूलतज्ञ ब्यर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून श्वासनालास छेद देऊन त्यात नळी बसविण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्यात आली. या कामी सु. १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने राबले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. या अनुभवातूनच आधुनिक अतिदक्षता विभागाची कल्पना साकार झाली.

या पद्धतीने प्राण वाचले, पण एक नवा धोकाही निर्माण झाला. निरोगी माणसात नाक हवा गाळते, स्वरयंत्राचे द्वार गिळताना मिटते, खोकल्यामुळे कफ बाहेर पडतो आणि श्वासनलिकांच्या अस्तरावरील सूक्ष्म केसल कण वर ढकलतात. श्वासनालातील नळी ही सर्व व्यवस्था ओलांडून थेट आत जाते. नळीभोवतीच्या फुग्यावर लाळ व स्राव साचतात आणि त्यांतील जंतू हळूहळू खाली झिरपतात. श्वसन उपचारांतील बाष्पीकरण उपकरणांतून जंतुयुक्त तुषार फुप्फुसांत जातात, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. जोहॅन्सन, पिअर्स व सॅनफर्ड यांनी १९६९ मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट नोंदविली : आजार जितका गंभीर, तितक्या अधिक रुग्णांच्या घशात नेहमीच्या निरुपद्रवी जंतूंची जागा आतड्यात व ओलसर जागी वाढणारे दंडाकार जंतू घेतात. म्हणजेच जंतूंचा उगम बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या घशातच असतो. कृत्रिम श्वसन सुरू होऊन ४८ तास उलटल्यानंतर उद्‌भवणाऱ्या अशा न्यूमोनियास श्वसनयंत्रसंलग्न न्यूमोनिया म्हणतात.

महामात्रांचा कालखंड : डेन्व्हर येथील ॲशबॉ, पेटी इ. वैद्यांनी १९६७ मध्ये बारा रुग्णांच्या आधारे तीव्र श्वसनक्लेश लक्षणसमूहाचे वर्णन केले. यात फुप्फुसांतील वायुकोश द्रवाने भरून जातात व पुरेसा ऑक्सिजन देऊनही रक्तात तो पोहोचत नाही. विकृतीच्या मुळाशी शोथ असल्याने स्टेरॉइडांचा विचार होणे स्वाभाविक होते. जंतुसंसर्गजन्य अवसादातही (जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याच्या अवस्थेतही) हाच तर्क लावला गेला. तीव्र जंतुसंसर्गात हायड्रोकॉर्टिसोनाचा लाभ होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतील एका सहकारी चाचणीतून १९६३ मध्येच निघाला होता. तथापि, मात्रा पुरेशी मोठी नसल्याने गुण आला नाही, असे मानणारा मोठा वर्ग होता. १९७६ मध्ये विल्यम शूमर यांनी १७२ रुग्णांवरील चाचणीत मृत्यूंचे प्रमाण ३८.४ टक्क्यांवरून १०.४ टक्क्यांवर आल्याचे प्रसिद्ध केले आणि महामात्रा देण्याची पद्धत दृढ झाली.

या मात्रा किती मोठ्या होत्या, हे हिशेबाने ध्यानात येते. विश्रांतीच्या अवस्थेत मानवी शरीर दिवसाकाठी सु. १० ते २० मिग्रॅ. कॉर्टिसॉल तयार करते. मिथिलप्रेडनिसोलोनाची त्या काळची मात्रा शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे ३० मिग्रॅ. अशी होती. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस ती १,८०० मिग्रॅ. होते व तिचा शोथरोधक परिणाम सु. ९,००० मिग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोनाइतका असतो. अशी मात्रा काही तासांच्या अंतराने पुनःपुन्हा दिली जाई.

डॅलस येथील वायगेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये श्वसनयंत्रावरील ८१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. श्वसनक्लेश लक्षणसमूह टळावा म्हणून काहींना ही मात्रा दर सहा तासांनी ४८ तासपर्यंत दिली आणि इतरांना निष्क्रिय द्रव्य दिले. लक्षणसमूह टळला तर नाहीच, उलट तो औषध घेतलेल्यांत ६४ टक्के, तर इतरांत ३३ टक्के रुग्णांना झाला. जंतुसंसर्गाचे उपद्रव अनुक्रमे ७७ व ४३ टक्के रुग्णांत आढळले. १९८७ मध्ये अमेरिकेतून तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. दोन चाचण्या तीव्र जंतुसंसर्गाच्या व एक श्वसनक्लेशाची होती. तिन्हींत महामात्रेचा लाभ दिसला नाही. त्यांपैकी ३८२ रुग्णांच्या चाचणीत नंतर उद्‌भवलेल्या दुय्यम संसर्गाने होणारे मृत्यू औषध घेतलेल्या गटात अधिक आढळले. रक्तदाब वा ताप यांत दिसणारी तात्कालिक सुधारणा म्हणजे रुग्ण वाचणे नव्हे, हा या चाचण्यांचा धडा होय. महामात्रांचा कालखंड येथे संपुष्टात आला.

अल्प मात्रेकडे वळण : यानंतर प्रश्नाची मांडणीच बदलली. गंभीर आजारात अधिवृक्क ग्रंथी शरीराच्या वाढलेल्या गरजेस पुरी पडत नसावी व ती उणीव तेवढी भरून काढावी, असा विचार पुढे आला. या पद्धतीत हायड्रोकॉर्टिसोनाची दिवसाची मात्रा सु. २०० मिग्रॅ. असते, म्हणजे पूर्वीच्या एका महामात्रेच्या सु. पंचेचाळिसावा भाग. फ्रान्समध्ये जिलाली अनान व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३०० रुग्णांच्या चाचणीत अधिवृक्क ग्रंथीचा प्रतिसाद अपुरा असलेल्यांचे मृत्यू कमी झाल्याचे दाखविले. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४९९ रुग्णांच्या यूरोपीय चाचणीत अवसाद लवकर ओसरला तरी मृत्यू कमी झाले नाहीत व नव्या संसर्गांचे प्रमाण अधिक दिसले. २०१८ मधील एका चाचणीत श्वसनयंत्रावरील ३,८०० रुग्णांचा समावेश होता. तीत ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण हायड्रोकॉर्टिसोन घेतलेल्यांत २७.९ व इतरांत २८.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. तथापि पहिल्या गटातील रुग्ण श्वसनयंत्रावरून थोडे लवकर सुटले.

औषध केव्हा सुरू करावे, यालाही महत्त्व आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दीर्घकाळ रेंगाळलेल्या श्वसनक्लेशाच्या १८० रुग्णांपैकी ज्यांना आजार सुरू झाल्यावर दोन आठवडे उलटून गेल्यावर मिथिलप्रेडनिसोलोन दिले, त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. संसर्गाचे प्रमाण मात्र त्या चाचणीत वाढलेले आढळले नाही.

आघातग्रस्त रुग्ण : स्टेरॉइडे न्यूमोनियास निमंत्रण देतात, या समजुतीस अनपेक्षित धक्का २०११ मध्ये बसला. फ्रान्समधील आंत्वान रोकीयी व सहकाऱ्यांनी अनेक ठिकाणी गंभीर इजा झालेल्या व श्वासनालात नळी घातलेल्या १४९ रुग्णांची चाचणी केली. एका गटास पाच दिवस रोज २०० मिग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन देऊन नंतर दोन दिवसांत ते कमी करीत बंद केले. रुग्णालयात उद्‌भवणारा न्यूमोनिया २८ दिवसांत या गटातील ३५.६ टक्के, तर निष्क्रिय द्रव्य घेतलेल्या गटातील ५१.३ टक्के रुग्णांना झाला. म्हणजे धोका वाढण्याऐवजी घटला. याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, मोठ्या आघातानंतर शोथाचा प्रथम अतिरेक होतो व त्याची प्रतिक्रिया म्हणून रोगप्रतिकारशक्ती खालावते. पहिला अतिरेक आवरला तर पुढची पडझडही आटोक्यात राहते. या चाचणीतील सु. तीन-चतुर्थांश रुग्णांत अधिवृक्क ग्रंथीचे कार्य अपुरे होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

तथापि हा निष्कर्ष सरसकट लागू करता येत नाही. मेंदूस गंभीर इजा झालेल्यांवरील २०१४ च्या चाचणीत न्यूमोनियाचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ४५ व इतरांत ५३ टक्के होते. हा फरक निर्णायक मानण्याजोगा नव्हता. तत्पूर्वी २००४ मध्ये डोक्यास इजा झालेल्या सु. दहा हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मिथिलप्रेडनिसोलोनाच्या महामात्रेने मृत्यू वाढल्याचे सिद्ध झाले होते : दोन आठवड्यांतील प्रमाण २१.१ विरुद्ध १७.९ टक्के.

कोविड-१९ ची साथ : २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन रोज ६ मिग्रॅ. याप्रमाणे जास्तीत जास्त दहा दिवस देण्यात आले. श्वसनयंत्रावरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. मात्र ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, अशांना कोणताही लाभ दिसला नाही. एकच औषध, एकच मात्रा व एकच रोग असूनही आजाराच्या पायरीनुसार फळ निराळे मिळाले. श्वसनयंत्रावरील काही रुग्णांच्या फुप्फुसांत ॲस्परजिलस या कवकाचा संसर्ग झाल्याचेही याच काळात अनेक देशांतून नोंदविले गेले.

भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्यूकरमायकोसिस या कवकजन्य रोगाचे हजारो रुग्ण आढळले. महाराष्ट्र व गुजरातेत त्यांची संख्या विशेष मोठी होती. हा रोग प्रामुख्याने नाक, नाकालगतच्या अस्थिविवरा व डोळे यांना व काहींत फुप्फुसांना झाला. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि गरज नसताना, अधिक मात्रेत वा अधिक दिवस घेतलेली स्टेरॉइडे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. यांतील बरेच रुग्ण श्वसनयंत्रावर नव्हते. तरीही मात्रा, मुदत व योग्य रुग्ण या तीन मर्यादा ओलांडल्यास काय घडते, याचे हे मोठे उदाहरण होय. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने हा रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले.

२०२३ मध्ये फ्रान्समधील चाचणीत अतिदक्षता विभागातील तीव्र न्यूमोनियाच्या सु. ८०० रुग्णांपैकी हायड्रोकॉर्टिसोन घेतलेल्यांत २८ दिवसांतील मृत्यू ६.२ टक्के, तर इतरांत ११.९ टक्के झाले. रुग्णालयात होणारे संसर्ग वाढले नाहीत. ज्या रोगाच्या भीतीने हे औषध टाळले जाई, त्याच रोगावर ते मर्यादित प्रमाणात उपयोगी ठरले. इन्फ्ल्यूएंझाच्या रुग्णांना मात्र या चाचणीतून वगळले होते.

मूल्यमापनातील अडचणी : केवळ रुग्णालयातील नोंदींवरून स्टेरॉइडांचा दोष ठरविणे अवघड असते. अधिक अत्यवस्थ रुग्णांनाच ही औषधे दिली जातात व न्यूमोनियाही त्यांनाच अधिक होतो. दुसरे असे की, श्वसनयंत्रावरील प्रत्येक दिवस संसर्गाची नवी संधी असते. औषधाने हे दिवस कमी झाले, तर प्रतिकारशक्ती किंचित घटूनही एकूण धोका उतरू शकतो. तिसरी अडचण निदानाची आहे. स्टेरॉइडांमुळे ताप दबतो आणि रक्तातील श्वेतकोशिकांची संख्या संसर्ग नसतानाही वाढते. त्यामुळे न्यूमोनिया ओळखण्याच्या नेहमीच्या खुणा फसव्या ठरतात आणि कफातील जंतूंची तपासणी व छातीची क्ष-किरण चित्रे यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

व्यवहार : अल्प मात्रा, आजाराच्या सुरुवातीचा काळ, ठरावीक मुदत आणि लाभ सिद्ध झालेला आजार या चार अटी पाळल्यास स्टेरॉइडांमुळे फुप्फुससंक्रामणाचा धोका सामान्यतः फारसा वाढत नाही, अटी मोडल्यास तो वाढतो, असे आजवरच्या इतिहासावरून म्हणता येते. औषध चालू असताना रक्तातील साखर नियंत्रित ठेवणे, रुग्णाची उशाकडील बाजू उंच ठेवणे, तोंडाची स्वच्छता, फुग्यावर साचलेला स्राव शोषून घेणे, हात धुणे आणि गुंगीची औषधे रोज कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का हे पाहणे, या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. संसर्गाचा उगम मुख्यतः नळीत व घशात असल्याने, नळी लवकरात लवकर काढता येणे हाच न्यूमोनियाविरुद्धचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.