बाहेरून जागा होणारा बोर्ड

आजचा भाग इतिहासाचा, पण सुरुवात आमच्या तळोद्यातून.

मुलांच्या वाचनखोलीत मी एक रास्पबेरी पाय ३ लावला होता. मुलं घरी जाऊन आजी-आजोबांच्या भिली, पावरी गोष्टी रेकॉर्ड करायची आणि त्यात साठवायची. पावसाळ्यात सातपुड्याकडून वारा सुटला की इकडे वीज जाते-येते. असं चार-पाचदा झालं, आणि एका सकाळी स्क्रीन काळीच. बोर्ड ठणठणीत होता. गेलं होतं एसडी कार्ड. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की कधीकधी सगळी मांडणीच विस्कटते. निम्म्या गोष्टी परत मिळाल्या नाहीत.

मग प्रश्न पडला, हा बोर्ड कार्डाशिवाय उठतच नाही का?

त्याचं असं आहे. प्रोसेसरला चालू होताना फारसं काही येत नसतं. चिपमध्ये कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूट रॉम. पुढचा प्रोग्रॅम कुठे शोधायचा, एवढंच त्याला ठाऊक. म्हणजे शोधायच्या जागा ठरवतो चिप बनवणारा, आपण नाही.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण सांगतो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. आत लिनक्स, हार्ड डिस्क नाही, फक्त १ जीबी फ्लॅश, तीही बोर्डालाच जोडलेली. पण त्यातलं ओपन फर्मवेअर यूएसबी वाचू शकायचं. पेन ड्राइव्ह लावा, स्क्रीनशेजारची चार गेम-बटणं दाबून लॅपटॉप चालू करा, की सगळी प्रणाली नव्याने बसायची. दुरुस्तीचं दुकान कोसभर लांब असलेल्या गावात ही सोय केवढी मोठी!

२०१२ चा पहिला पाय मात्र फक्त एसडी कार्डावरून उठायचा. २०१६ च्या पाय ३ मध्ये यूएसबीचा रस्ता आला, पण झाकलेला. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहून एकदा कार्डावरून चालू केलं, की चिपमधला एक बिट कायमचा बदलतो. परत फिरवता येत नाही. २०१८ च्या थ्री बी प्लसमध्ये तो रस्ता आधीपासूनच उघडा होता. २०१९ च्या पाय ४ मध्ये बूटचा प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीत गेला, आणि २०२० मध्ये अपडेटने यूएसबी बूट आलं.

मी नवं कार्ड आणलं, ती ओळ लिहिली, बोर्ड एकदा चालू केला आणि कार्ड काढून टाकलं. आता तो एसएसडीवरून उठतो. पण एसएसडी म्हणजे काही अमरपट्टा नव्हे. म्हणून सोबत बॅटरी ठेवलीय, आणि दर शनिवारी गोष्टींची दुसरी प्रत काढून घरी नेतो. बोर्ड पुन्हा उठवता येतो हो. आजीचा आवाज नाही.

भेटू पुढच्या भागात.