स्टाउट बिअर: काळ्या ग्लासात नक्की असतं काय, आणि तिची चव मराठीत सांगायची कशी?

अंधेरी पश्चिमेला लिंक रोडच्या आसपास एखाद्या टॅपरूममध्ये शनिवारी संध्याकाळी डोकावलं, तर टेबलांवर बहुतेक ग्लास पिवळे, केशरी किंवा गढूळ पांढरट दिसतात. मधेच कुठेतरी एक काळा ग्लास असतो. वर बदामी फेस, खाली कोकासारखा रंग. तो घेणाऱ्याला "कशी आहे?" असं विचारलं, की तीनपैकी एक उत्तर येतं. "स्ट्राँग आहे", "कडू आहे" किंवा "कॉफीसारखी लागते."

पहिलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, दुसरं अर्धवट. तिसरं बरोबर आहे, पण ते तिथेच थांबतं. ही काळी बिअर म्हणजे स्टाउट. एका ग्लासामागे चांगले पैसे मोजून ती घ्यायची आणि नंतर चवीबद्दल फक्त "भारी" म्हणायचं, हा तसा तोट्याचाच सौदा. खरंतर स्टाउटची चव सांगायला लागणारे शब्द मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहेत.

काळा रंग येतो कुठून?

नाचणी सत्त्व घरी केलेलं पाहिलं असेल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजायची आणि दळायची. मोड आले की धान्यातला स्टार्च साखरेत बदलणारी विकरं जागी होतात, म्हणून सत्त्व गोडसर लागतं. बिअरसाठी हेच बार्लीचं, म्हणजे जवाचं करतात. मोड आणून वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात.

साध्या बिअरसाठी माल्ट जेमतेम सुकवतात. स्टाउटसाठी त्यातला थोडा भाग, किंवा मोड न आणलेले जव, कॉफीच्या बियांसारखे २०० अंश सेल्सियसच्या पुढे भाजतात. दाणा आतपर्यंत काळा होतो. एकूण धान्यात हा काळा माल साधारण दहावा हिस्सा असला तरी पुरतो. म्हणजे रंग, कडवटपणा आणि तो कॉफीचा वास भाजण्यातून येतो, दारूच्या प्रमाणातून नाही.

म्हणूनच 'काळी म्हणजे कडक' हा समज खोटा. डब्लिनची गिनीज ड्राफ्ट ही जगातली सगळ्यात ओळखीची स्टाउट. तिच्यात अल्कोहोल साधारण ४.२ टक्के. आपल्याकडे वाइन शॉपमध्ये 'स्ट्राँग' म्हणून मिळणारी सोनेरी बिअर याच्या दीडपट-दुप्पट तेज असते. आणि हो, काळी बिअर पूर्ण काळीही नसते. ग्लासच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरून बघा, कडेला गडद माणकासारखा लाल रंग दिसतो.

हमालांची बिअर

अठराव्या शतकात लंडनच्या गोद्यांमध्ये आणि रस्त्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांना 'पोर्टर' म्हणत. त्यांच्यात लोकप्रिय असलेल्या गडद बिअरलाही तेच नाव चिकटलं. त्यातल्या जास्त दमदार प्रकाराला 'स्टाउट पोर्टर' म्हणू लागले, आणि पुढे पोर्टर गळून नुसतं स्टाउट उरलं. त्यामुळे आज मेनूवर एका ठिकाणी पोर्टर आणि दुसरीकडे स्टाउट लिहिलेलं असलं, तरी दोघांमधली सीमारेषा धूसरच आहे. बनवणारा जे म्हणेल ते खरं, एवढंच. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने काळा माल्ट भाजण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ही बिअर खऱ्या अर्थाने काळी झाली.

भारताशी तिचा संबंध जुना आहे. ब्रिटिशांनी भारतासाठी 'इंडिया पेल एल' काढली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण ती फिकी बिअर मुख्यतः साहेब लोकांची होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांसाठी जहाजांतून पिंपच्या पिंपं यायची ती पोर्टरची.

त्याच शिपायांमुळे आणखी एक शब्द जन्माला आला. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक महिनोन्‌महिने पडून असायचे. उकाडा, कंटाळा आणि आजारपणाने काहींचं डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरीने हेच नाव घेतलं: डूलाली. २०१५ मध्ये त्यांची टॅपरूम अंधेरीत आली. म्हणजे उपनगरात क्राफ्ट बिअर आली तीही देवळालीचा ताप घेऊनच.

चव सांगायची कशी?

सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागेल, 'एकदम चिल्ड'ची. मुंबईच्या दमटपणात बर्फासारखी बिअर हवीशी वाटते, आणि साध्या लागरला ते चालतंही. पण अति थंडीत जीभ बधिर होते, वास ग्लासात अडकून राहतो आणि स्टाउट म्हणजे नुसतं कडू गार पाणी वाटतं. ती ८ ते १२ अंशांच्या आसपास खुलते. उपाय सोपा आहे. ग्लास आला की दहा मिनिटं थांबा. बाकीचं काम मुंबईची हवा करते.

मग आधी वास. इथे एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: हे खरपूस आहे की करपट? मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत हे नशीबच. खरपूस म्हणजे चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा, मंद आचेवर भाजलेलं सुकं खोबरं, नीट भाजलेले शेंगदाणे. करपट म्हणजे तव्यावर विसरलेली पोळी. चांगली स्टाउट खरपूस असते. क्वचित एखादी मुद्दाम करपटपणाच्या सीमेवर नेलेली असते. पण राखेचा वास यायला लागला, की भाजणाऱ्याचा हात सुटला असं समजायचं.

पहिल्या घोटात कॉफी लागते, हे मान्य. पण कोणती? दूध-साखर नसलेली फिल्टर कॉफी, की चिकोरी घातलेली? चॉकलेट असेल तर दुधाळ वडीसारखं, की कोको पावडर चमच्याने तोंडात टाकल्यासारखं कोरडं? गोडवा असेल तर तो साखरेचा असतो, की काकवीचा? काकवीच्या गोडीला मागून किंचित खारट, मातकट छटा असते. तेज स्टाउटमध्ये ती हमखास सापडते. त्याबरोबर काळे मनुके, खारीक, जर्दाळू असा सुक्या मेव्याचा भागही येतो. तो यीस्ट आणि गडद माल्ट दोघांच्या करणीतून येतो.

घोट गिळल्यावर थांबा. कडूपणा जिभेच्या मागे रेंगाळतो, की लगेच पुसला जातो? तोंड कोरडं पडतं का? त्याला तुरट म्हणतात. कडू आणि तुरट यांची गल्लत फार होते. कारलं कडू, कच्चं केळं किंवा जांभूळ तुरट. शेवटी अंग: बिअर तोंडात ताकासारखी पातळ वाटते की आटवलेल्या दुधासारखी जाड?

एवढं केलं की "कॉफीसारखी"च्या जागी असं काहीतरी सांगता येतं: "भाजलेल्या खोबऱ्याचा वास, मधे काकवी, शेवट कोऱ्या कॉफीसारखा कडू आणि थोडा तुरट, अंगाने मध्यम." हे ऐकून समोरच्याला ती घ्यायची की नाही हे ठरवता येतं.

हीच भाषा बिघडलेली बिअर ओळखायलाही उपयोगी पडते. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा ठळक वास म्हणजे आंबवणं अर्धवट राहिलेलं. फार आंबट लागली तर नळ अस्वच्छ असण्याची शक्यता. अशा वेळी नेमका दोष सांगून ग्लास परत करायला लाजायचं कारण नाही. नुसतं "बरोबर नाहीये" म्हटलं की वेटर हसून म्हणतो, "सर, स्टाउट अशीच असते."

प्रकार किती?

मेनूवर 'ड्राय' किंवा 'आयरिश' दिसलं तर हलकी, कोरडी, कॉफीच्या अंगाने जाणारी. 'ओटमील'मध्ये ओट्स असतात, त्याने ती गुळगुळीत होते. पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी हीच बरी. 'मिल्क स्टाउट'मध्ये दूध नसतं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज असतं. यीस्टला लॅक्टोज पचत नाही, म्हणून गोडवा शिल्लक राहतो. ते ज्या माणसांनाही पचत नाही, त्यांनी मात्र जपून. 'इम्पिरियल' म्हणजे खरंच कडक. अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबाराला जाणारी ही बिअर आज ८ ते १२ टक्क्यांपर्यंत असते, ती छोट्या ग्लासातच घ्यावी.

आपल्या शेजारची श्रीलंकेची लायन स्टाउट या सगळ्यांपेक्षा वेगळी. नुवारा एलियाच्या थंड डोंगरात तिची सुरुवात झाली. ८.८ टक्के अल्कोहोल, आणि चवीत काकवी-मनुक्यांची रेलचेल. 'ट्रॉपिकल स्टाउट' या प्रकाराचं नाव निघालं की तिचं उदाहरण दिलं जातं.

उपनगरात शोधायची कुठे?

खरं सांगायचं तर अंधेरीकरांची चंगळ आहे. डूलालीपाठोपाठ पुण्याचीच इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीही अंधेरीत आली. अशा ठिकाणी गडद बिअर फिरती असते. आज नळावर आहे, पुढच्या महिन्यात नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून "आज डार्कमध्ये काय आहे?" विचारावं, आणि पूर्ण ग्लासाआधी चाखायला थोडी मागावी. टॅपरूममध्ये ती सहसा मिळते.

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला मात्र बराचसा भरवसा वाइन शॉपच्या फ्रिजवर. तिथे छत्तीसगडच्या सिम्बाची स्टाउट विचारून बघावी. गिनीजचा कॅन मिळाला तर त्यात खुळखुळणारा एक प्लास्टिकचा गोळा असतो. घाबरू नका, कॅन उघडताच तो नायट्रोजन सोडतो आणि सायीसारखा फेस येतो. गंमत म्हणजे मध्य रेल्वेच्याच रुळांवर पुढे डोंबिवलीत गेटवे ब्रुइंग कंपनीने २०१४ च्या सुमारास बिअर बनवायला सुरुवात केली. पिंपं निघाली ती मुंबईच्या बारकडे, मुलुंड-घाटकोपर ओलांडून.

याच भागात आणखी एक प्रश्न हमखास येतो: बिअर शाकाहारी असते का? धान्य, पाणी, हॉप्स, यीस्ट, उत्तर हो. पण बिअर नितळ करायला अनेक ब्रुअरी माशाच्या पोटातली हवेची पिशवी वापरत. पालघरचे मच्छीमार घोळ माशाचं जे 'भोत' सोन्याच्या भावाने विकतात, त्याच जातीची ही वस्तू. गिनीजने ही पद्धत २०१५ मध्ये बंद करायचं जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत ती बंद झाली. टॅपरूममध्ये मात्र विचारलेलं बरं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं, कडक मद्यासाठी २५. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १,०००. 'परमिट रूम' ही पाटी त्याच परवान्यावरून आली. आणि स्टाउट पौष्टिक असते, तिच्यात लोह असतं, ही समजूत १९२९ पासूनच्या गिनीजच्या जाहिरातींनी पसरवली. त्यातलं लोह नावापुरतं असतं.

राहिला सोबत काय खायचं हा प्रश्न. फ्राइजपेक्षा बरं उत्तर लंडन आणि डब्लिनमध्ये शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच सापडलं होतं: ऑयस्टर. म्हणजे आपली कालवं. खारट, समुद्राच्या वासाची कालवं आणि कोरडी काळी स्टाउट. अंधेरीच्या टॅपरूमपासून वेसावे कोळीवाडा रिक्षाच्या अंतरावर आहे, पण टॅपरूमच्या मेनूवर कालवं क्वचितच दिसतात.