लिफाफा, शिक्का आणि मजकूर : मुंबई-कल्याण परिसराच्या संदर्भात युद्धकालीन टपालाचे साधनमूल्य

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरे यांचा उल्लेख प्राधान्याने केला जातो. टपालाचे पाकीट मात्र या यादीत क्वचितच येते. ते छांदिष्टांच्या अल्बमची वस्तू मानले जाते. पत्र जपले जाते ते लेखकाच्या नावामुळे. पाकीट फाडून टाकले जाते, किंवा त्यावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडवून घेतले जाते आणि उरलेला कागद रद्दीत जातो. या साध्या कृतीत पत्र कोठून निघाले, कोणत्या जहाजाने आले, वाटेत कोणी उघडले आणि हशील कोणी भरले ही सारी माहिती नष्ट होते. एकोणिसाव्या शतकातील आणि दोन महायुद्धांतील टपाल-लिफाफ्यांचा साधन म्हणून विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी मुंबई बंदर आणि त्याच्या पाठीशी असलेला ठाणे-कल्याण-शहाड हा पट्टा घेतला आहे.

लिफाफ्याचे वाचन

कल्याणला आगगाडी आली १ मे १८५४ रोजी. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सर्व हिंदुस्थानासाठी टपाल तिकिटे सुरू झाली. नव्या कायद्याने अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर ठरला. त्यापूर्वी, १ जुलै १८५२ रोजी, बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकाराने सिंध प्रांतात 'सिंध डाक' हे ठसा उठवलेले अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले होते. तेव्हा सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. तिकिटांच्या पूर्वीच्या पत्रांवर हशील भरल्याची वा न भरल्याची नोंद शिक्क्याने होई. भरलेले असल्यास सामान्यतः तांबड्या शाईत आणि येणे असल्यास काळ्या. तिकिटे आल्यावरही लोक पत्रे न भरता टाकीतच. अशा पत्रास दुप्पट हशील पडे आणि ते घेणाऱ्याकडून वसूल होई. 'बेरंग' आणि 'नॉटपेड' हे शब्द त्यातूनच रूढ झाले.

त्या काळची व्यापारी पत्रे बहुधा वेगळ्या पाकिटाविना, घडी घालून पाठवलेली असत. पत्ता मोडीत, गुजरातीत वा महाजनी लिपीत असे. अनेकांवर टपाल कारकुनाने गावाचे नाव इंग्रजीत लिहिलेले आढळते. परदेशी संग्राहकांनी अशा लिफाफ्यांवरील तिकिटांच्या छटा आणि शिक्क्यांचे प्रकार अत्यंत बारकाईने नोंदवले, पण मोडी पत्ता त्यांना वाचता आला नाही. त्यांच्या सूचीत तो केवळ 'देशी लिपीतील पत्ता' असतो. पाठवणारा कोण, पेढी कोणती, माल कोणता, हे त्या तीन ओळींतच दडलेले असते. मुंबईचे संग्राहक जाल कूपर यांचे प्रारंभिक भारतीय शिक्क्यांवरील काम या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. परंतु शिक्का वाचणारे आणि मोडी वाचणारे यांची गाठ त्यानंतरही फारशी पडलेली नाही.

दुसरी एक खूण ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठी घरांत आणि पेढ्यांवर आलेली पत्रे भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात खोचून ठेवण्याची रीत होती. त्यामुळे पत्रांना मधोमध भोक पडते. बाजारात ते भोक दोष ठरते व किंमत उतरते. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र ते भोक म्हणजे पत्र घेणाऱ्याच्या घरी पोहोचले आणि जपून ठेवले गेले याचा पुरावा आहे. याच्या उलट मृत्यूची वार्ता आणणारे पत्र वाचताच फाडून टाकले जाई. ते घरात ठेवणे अशुभ समजत. युद्धकाळाच्या अभ्यासकास जी पत्रे सर्वाधिक हवीत, नेमकी तीच या रिवाजाने नाहीशी केली. कौटुंबिक संग्रहात मृत्युवार्तांचे प्रमाण अल्प दिसले, तर त्यावरून मृत्यू अल्प होते असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

अमेरिकन टपाल आणि मुंबई

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लिफाफे हा जगभरच्या संग्राहकांचा आवडता विषय आहे आणि त्याचे कारण तेथील यादवी युद्ध. अमेरिकेत तिकिटे १८४७ मध्ये आली. युद्ध पेटल्यावर १८६१ मध्ये उत्तरेच्या सरकारने जुनी तिकिटे रद्द ठरवून नवी काढली. दक्षिणेच्या हाती राहिलेल्या तिकिटांचा पैशासारखा उपयोग होऊ नये हा हेतू होता. सैनिकांना हशील न भरता पत्र टाकण्याची सवलत त्याच वर्षी मिळाली आणि पुढे ती नौसैनिकांनाही लागू झाली. पाकिटावर तशी नोंद अधिकाऱ्याने करावयाची आणि साधे हशील घरच्यांनी भरावयाचे. आपल्याकडील नॉटपेड पत्राचाच हा प्रकार, फक्त दुप्पट दंडाविना. दक्षिणेत कागदाची टंचाई इतकी झाली की वापरलेली पाकिटे उलटी करून आणि भिंतीवर चिकटवायचे कागद कापून नवी पाकिटे केली गेली. नाकेबंदीचा परिणाम सांगणारे याहून बोलके साधन मिळणे कठीण. मात्र ध्वज आणि घोषणा छापलेली देशभक्तीपर पाकिटे त्या काळीही संग्रहासाठी विकत घेतली जात. त्यांपैकी कोरी राहिलेली पाकिटे छापखान्यांच्या धंद्याचा पुरावा आहेत. त्यांवरून सैनिकांच्या भावना वाचू नयेत.

या युद्धाचा मुंबईशी संबंध कापसामुळे आला. अमेरिकन कापूस थांबताच लिव्हरपूलची मागणी मुंबईकडे वळली आणि प्रत्येक इंग्लिश डाकेकडे बाजाराचे डोळे लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ या सौदापूर्तीच्या दिवशी मुंबईतील पेढ्यांचा डोलारा कोसळला. अमेरिकेशी मुंबईचा पत्रव्यवहार मात्र याहून जुना आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा ब्रिटन व अमेरिका यांचे युद्ध चालू होते आणि कंपनी सरकार त्यांना परत धाडण्याच्या विचारात होते. त्यांच्या आणि पुढे अहमदनगरच्या मिशनच्या पत्रांचा मोठा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाच्या ह्यूटन ग्रंथालयात आहे. मराठी समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांतील मजकूर वापरला आहे. ती पत्रे कोणत्या मार्गाने व किती महिन्यांनी बॉस्टनला पोहोचली, हे सांगण्याचे काम बाह्य खुणांचे आहे आणि त्यांकडे पाहण्याची सवय आपल्या अभ्यासास लागलेली नाही.

बंदर, आरमार आणि डाक

मुंबईची परदेशी डाक आरंभी आरमारानेच वाहिली. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोहोचली. केप ऑफ गुड होपच्या वळशाने महिनोन्‌महिने लागणाऱ्या डाकेच्या तुलनेत ही क्रांतीच होती. बॉम्बे मरीन या दलाचे नाव त्याच वर्षी 'इंडियन नेव्ही' झाले आणि पी. अँड ओ. कंपनीने हा मार्ग हाती घेईपर्यंत सुएझची डाक मुख्यतः या दलाच्या आगबोटींवर राहिली. १८३९ मध्ये एडन जिंकले गेले, त्यामागे कोळशाचा आणि डाकेचाच विचार होता. एडनच्या टपाल कचेरीस मुंबईच्या मांडणीत १२४ हा क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचा शिक्का असलेले हिंदी तिकीट म्हणजे मुंबई इलाख्याच्या सागरी विस्ताराचा एक चौरस सेंटिमीटरभर दस्तऐवजच.

१८५६ च्या अखेरीस मुंबईहून इराणच्या मोहिमेवर गेलेल्या सैन्याबरोबर टपालाची व्यवस्था गेली. बुशायर पडले आणि हिंदी लष्करी क्षेत्रीय टपालाचा आरंभ सर्वसाधारणपणे येथूनच मानतात. १८६८ पासून मुंबई-सुएझ व पुढे मुंबई-एडन मार्गावर बोटीतच पत्रे निवडण्यासाठी 'सी पोस्ट ऑफिस' चालले. युद्धामुळे ते १९१४ मध्ये बंद पडले. त्यानंतरच्या वर्षांत समुद्र डाकेसाठी सुरक्षित राहिला नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येणारी 'पर्शिया' ही बोट क्रीटजवळ पाणतीराने बुडाली आणि तीनशेंहून अधिक माणसांबरोबर डाकही तळाशी गेली.

मजकूर आणि लिफाफा यांची ताटातूट

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात होता. सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्यास उतरली. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. मोहिमेवरील फौजांसाठी हिंदी तिकिटांवर 'आय. ई. एफ.' ही अक्षरे छापली गेली होती. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे बूलोन येथील सेन्सॉरच्या कचेरीत वाचली जात आणि निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर वरिष्ठांकडे जाई. हे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवडक पत्रे प्रसिद्ध केल्यापासून त्यांचा उपयोग वाढला आहे. मराठी पत्रे त्यांत थोडी आहेत.

या ठिकाणी साधनांची एक विलक्षण ताटातूट दिसते. सेन्सॉरच्या दफ्तरात सैनिकाचे शब्द उरले, तेही परक्या भाषेत. मूळ पत्र, अक्षर, पाकीट त्यात नाही. याच्या उलट संग्राहकाच्या अल्बममध्ये पाकिटे आहेत, शिक्के आहेत, सेन्सॉरची खूण आहे. आतले पत्र नाही. विक्रेत्याने ते कधीच काढून टाकलेले असते, कारण न कळणाऱ्या लिपीतील पत्राला भाव नसतो. एका ठिकाणी आवाज आहे पण माणूस ओळखू येत नाही, दुसऱ्या ठिकाणी नाव-गाव-पलटण आहे पण आवाज नाही. तिसरे ठिकाण म्हणजे सैनिकाच्या गावचे घर. पाकीट आणि पत्र एकत्र सापडण्याचा संभव फक्त तेथे आहे, आणि तेथेच आजवर पद्धतशीर शोध झालेला नाही. १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्याने ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखितांसाठी व दस्तऐवजांसाठी ७५ वर्षांची मर्यादा घातली आहे. दुसऱ्या महायुद्धातील पत्रांनी ती ओलांडली आहे. परंतु घरमालकाने रद्दीत घातलेल्या कागदाला कायदा वाचवू शकत नाही.

नौदलाच्या टपालाची अडचण आणखी वेगळी. अमेरिकन युद्धनौकांवर १९०८ पासून स्वतंत्र टपाल कचेऱ्या होत्या व शिक्क्यात जहाजाचे नाव असे. दुसऱ्या महायुद्धात गुप्ततेसाठी ते काढले गेले. ब्रिटिश परंपरेतील नौदलांत जहाजाचे नाव शिक्क्यात येतच नसे. पत्रे जहाजावरच अधिकारी तपासत, ठिकाण लिहिण्यास बंदी असे आणि पिशवी किनाऱ्यावर पोहोचल्यावर सर्वसाधारण शिक्का बसे. रॉयल इंडियन नेव्हीत युद्धापूर्वी रत्नागिरी किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान खलाशांचा भरणा मोठा होता. युद्धात दल अनेक पटींनी वाढले आणि देशभरातून तरुण आले. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात दोन जपानी जहाजांना तोंड देणाऱ्या 'बेंगॉल'सारख्या छोट्या नौकेवरील खलाशाचे पाकीट हाती आले, तरी त्यावर ना नौकेचे नाव असेल ना स्थळाचे. सेन्सॉरच्या शिक्क्याचा प्रकार, तारीख आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक जुळवूनच नौका ओळखावी लागते. हे काम संग्राहकांनी केले आहे व त्याबद्दल इतिहासकारांनी त्यांचे ऋण मानले पाहिजे.

फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावात मुंबईच्या 'तलवार'बरोबर ठाण्याचे 'अकबर' हे प्रशिक्षण केंद्रही सामील झाले. उठावाविषयीची साधने म्हणजे चौकशीचे अहवाल, वृत्तपत्रे आणि नंतरच्या आठवणी. निकृष्ट अन्न, अपमान, बडतर्फीची भीती यांविषयी खलाशी त्या आधीच्या महिन्यांत घरी काय लिहीत होते, हे समकालीन पत्रांवाचून कळणार नाही.

कल्याण छावणी

दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या बाजूस, आजच्या शहाड-उल्हासनगर परिसरात, मोठी लष्करी छावणी उभी राहिली. बंदरातून उतरलेले सैनिक येथे थांबत व पुढे जात. त्यांच्या पत्रांवर स्थळनामाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक पडे. ज्या छावणीतून हजारो माणसे गेली, तिचे नाव तिच्याच टपालावर शोधावे लागते, ही स्थिती त्यामुळेच आहे. फाळणीनंतर याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सिंध डाकेच्या प्रांतातून आलेल्या या कुटुंबांपैकी ज्यांनी कराची, हैदराबाद वा शिकारपूरचे शिक्के असलेली जुनी पाकिटे आणली असतील, त्यांच्यापाशी सुटलेल्या घराचा पत्ताच कागदावर उरला आहे. 'कल्याण कॅम्प' लिहिलेल्या १९४७ ते १९४९ मधील पाकिटांना तिकीटबाजारात फारसे मोल नाही, कारण त्यांवरची तिकिटे सर्वसामान्य आहेत. निर्वासितांचे कोणते नातेवाईक कोठे पांगले, हे पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांवरून पाहता येते. हा संग्रह करण्यास मोठा निधी लागत नाही. परिसरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघरच्या पाकिटांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, पत्र आत असल्यास पत्रासह, नोंदवून घेतली तरी पुरे. मूळ कागद घरीच राहावा.

पिनकोड पद्धती १९७२ मध्ये आली आणि उल्हासनगरच्या पाच विभागांना आपापले क्रमांक मिळाले. तरीही तेथील अनेक पाकिटांवर आजही पत्ता सुरू होतो तो बराक क्रमांकाने.