‘दोषी’, ‘स्थगिती’ की ‘निर्दोष’? उमेदवाराच्या शिक्षेबद्दल लिहिताना काय पाहावं?

निवडणूक जवळ आली की एखाद्या उमेदवाराच्या जुन्या खटल्याची पोस्ट फिरू लागते. एका ग्रुपवर तो ‘सजा झालेला गुन्हेगार’ असतो, तर दुसऱ्या ग्रुपवर त्याला ‘कोर्टाची क्लीन चिट’ मिळालेली असते. अनेकदा दोन्ही पोस्ट चुकीच्या असतात. राहुल गांधी यांच्या मानहानी प्रकरणावरून हे समजून घेऊया.

नेमकं काय घडलं?

- १३ एप्रिल २०१९ : कर्नाटकातील कोलारच्या सभेत ‘मोदी’ आडनावाबद्दल विधान. गुजरातमधील भाजप आमदार पूर्णेश मोदी यांची तक्रार.
- २३ मार्च २०२३ : सुरतच्या न्यायालयाने दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावली. अपील करता यावं म्हणून शिक्षेची अंमलबजावणी मात्र थांबवली.
- २४ मार्च : खासदारकी गेली.
- ७ जुलै : दोषसिद्धीला स्थगिती देण्यास गुजरात उच्च न्यायालयाचा नकार.
- ४ ऑगस्ट : सर्वोच्च न्यायालयाची दोषसिद्धीला स्थगिती.
- ७ ऑगस्ट : खासदारकी परत.

शिक्षा थांबली होती, मग खासदारकी का गेली?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की अपात्रता लागू होते. तुरुंगवास थांबला तरी दोषसिद्धी कायम राहते. त्यामुळे ‘शिक्षेला स्थगिती’ आणि ‘दोषसिद्धीला स्थगिती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ते निर्दोष ठरले का?

नाही. कमाल शिक्षा का दिली याची कारणं कनिष्ठ न्यायालयाने दिली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्याच आदेशात, असं विधान अभिरुचीला धरून नव्हतं आणि सार्वजनिक जीवनातील व्यक्तीने जपून बोलावं, असंही नमूद केलं. ही स्थगिती अपिलाचा निकाल लागेपर्यंतची होती.

शिक्षा ‘रद्द’ होणं ही आणखी वेगळी गोष्ट. ब्राझीलच्या लुलांना झालेल्या शिक्षा २०२१ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द झाल्या. त्यांनी गुन्हा केला की नाही, याचा तो निवाडा नव्हता.

योग्य वाक्य कसं असावं?

‘सुरतच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मानहानीप्रकरणी दोषी ठरवलं, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत दोषसिद्धीला स्थगिती दिली.’

यात न्यायालय, कलमाचा विषय, वर्ष आणि पुढची स्थिती, सगळं आलं. अर्धं वाक्य कापलं की तोच मजकूर प्रचार होतो. ‘राजकीय सूड’ किंवा ‘न्यायाचा विजय’ ही मतं आहेत. ती लिहायची तर कोणाची आहेत ते सांगूनच.

पोस्ट पुढे पाठवण्याआधी उमेदवाराचं फॉर्म २६ मधलं शपथपत्र पाहा. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं आणि त्यात प्रलंबित खटले व झालेल्या शिक्षा नोंदवाव्या लागतात. त्यावरची तारीखही बघा, कारण अपिलाचा निकाल नंतरही लागू शकतो.